नाम, संज्ञा आणि माझं डोकं

सातवीतल्या पोराचा अभ्यास घ्यायला बसले की दर परीक्षेआधी माझं डोकं फिरतं. एकाच गोष्टीची तीन विषयांत तीन बारशी! मराठीत 'नाम', हिंदीत 'संज्ञा', इंग्रजीत 'नाउन'. 'विशेषण' दोन्हीकडे विशेषणच, म्हणून जरा हुश्श करावं, तर आपलं 'उभयान्वयी' हिंदीत 'समुच्चयबोधक' होऊन बसतं आणि 'शब्दयोगी'चं होतं 'संबंधबोधक'. लिपी एक, शब्द सगळे संस्कृतातूनच उचललेले. मग एकमेकांना विचारून नावं ठेवायला काय झालं होतं?

लिंगाचं तर विचारूच नका. आवाज आपल्याकडे 'आला', तिकडे 'आई'. आत्मा इथे 'तो', नर्मदा ओलांडली की बाई!

काल हिंदीच्या वहीत त्याने 'मैं रोटी खाई' लिहिलं. बाईंनी लाल गोल केला, 'ने' राहिला म्हणून. आता मी काय समजावू? मराठीत 'त्याने पोळी खाल्ली', पण 'मी पोळी खाल्ली'. 'मी'ला 'ने' चिकटतच नाही, क्रियापद मात्र बिनबोभाट पोळीच्या मागे जातं. म्हणजे पोरगं मराठीच्या हिशेबाने बरोबरच होतं की!

वर मलाच विचारतो, "आई, इंग्रजीत खाल्ला-खाल्लीचं काय?"

काही नाही रे बाबा. पोळी असो, आंबा असो, लाडू असो, सगळ्यांना एकच 'एट'. उद्या इंग्रजीचाच पेपर आहे, तेवढीच माझी सुटका.