लादी, लेडी आणि मळणारे हात

संध्याकाळी बेकरीत पाव भट्टीतून निघायच्या वेळेला समोरचा आमचा कट्टा भरतो. काल बेकरीवाल्याच्या दहावीतल्या पोरानं सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, पावाची लादी आणि इंग्रजीतली लेडी, नातं आहे का काही?" वकीलसाहेबांना हसू आलं. मास्तर मात्र सरसावून बसले.

"लादीशी नाही बाळा, पण पावाशी आहे. जुन्या इंग्रजीत पावाला म्हणायचे ह्लाफ. आजचा लोफ तो हाच. पाव राखणारा तो ह्लाफ-वेअर्द. त्याचा झाला ह्लाफोर्द, मग लाव्हर्ड, मग लॉर्ड. आणि त्या ह्लाफचं पीठ मळणारी ती ह्लॅफदिगे. घासत घासत लेडी."

"लॉर्ड पटला," वकील म्हणाले, "पण लेडीला पुरावा लागेल. 'दिगे' हा शब्द कुठे सुटा सापडतो?"

"या रूपात सुटा नाही सापडत. पण त्याच्या रक्ताचा 'डॅगे' सापडतो. आधी पीठ मळणारी बाई, पुढे घरकाम करणारी, मग दूधदुभतं बघणारी. तिच्या कामाची जागा ती डेअरी."

माझ्या गावात आजही लोक पहाटे किटली घेऊन 'डेअरीला' जातात. त्या शब्दात एक पीठ मळणारी बाई बसली आहे, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तर तेवढ्यावर थांबले नाहीत. मळलेल्या पिठाला इंग्रजीत डो म्हणतात, त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या 'दिह्'चं मूळ एकच. दिह् म्हणजे लिंपणं, आणि त्यातूनच आपला देह. लिंपून, थापून घडवलेला. मला एकदम आई दिसली. बांगड्या कोपराकडे सरकवायची, तळव्याच्या बुडाशी जोर देऊन कणीक दाबायची, आणि गोळा परात सोडायला लागला की वरून तेलाचा हात फिरवायची. देह शब्दाचा अर्थ मला कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या परातीत जास्त कळला.

"हे सगळं गोड आहे," वकील म्हणाले, "पण मूळ म्हणजे अर्थ नव्हे. आल्फ्रेड राजाची लेक एथेलफ्लेड. 918 मध्ये वारली. तिला मर्सियाची, म्हणजे जुन्या इंग्लंडमधल्या एका राज्याची, ह्लॅफदिगे म्हणायचे. गढ्या बांधल्या, 917 मध्ये डर्बी जिंकून घेतलं. ती काय पीठ मळत बसली होती?"

मुद्दा बिनतोड होता, आणि मला वाटतं, खरी गोष्ट तिथेच आहे. बिरुद मालकिणीला मिळालं. मग मळत कोण होतं?

मास्तर म्हणाले, "इंग्लंडमधल्याच केंटचा राजा एथेलबर्ट. साधारण 600 सालच्या सुमाराचे त्याचे कायदे, इंग्रजीत लिहिलेले सगळ्यात जुने. त्यात 'ह्लाफएटा' आहे, पाव खाणारा. म्हणजे ज्याच्या पदरी राहायचं त्याची भाकरी खाणारा आश्रित. साध्या शेतकऱ्याचा ह्लाफएटा कुणी मारला, तर भरपाई 6 शिलिंग."

"बघा," बेकरीवाला म्हणाला, "राखणारा, मळणारी, खाणारा. अख्खं घर पावावरून मोजलंय."

इतका वेळ वहिनी गल्ल्यामागे लाद्या कागदात बांधत होत्या. पहाटे मैद्यात हात घालणाऱ्या त्याच. नखांच्या कडेला पांढरी रेघ तशीच होती. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"मास्तर, खाणाऱ्याचा दर सांगितलात. राबणाऱ्या बाईचा काही लिहिलाय का?"

मास्तर जरा अडखळले. "मळणारीचा नाही. दळणारीचा आहे. राजाची दळण दळणारी दासी. तिच्याशी कुणी संग केला, तर 25 शिलिंग."

"तिला?"

"नाही वहिनी. ती राजाची, म्हणून."

वकीलसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनींनी बांधलेली लादी काउंटरवर ठेवली आणि पोराला म्हणाल्या, "उद्यापासून चारला उठायचं. मळायला तूही येणार आहेस."