ट्राउट दिवसभर लागत नाही

मे महिना आला की आमच्या गरवणाऱ्यांच्या, म्हणजे गरीने मासे धरणाऱ्यांच्या, गटात ट्राउट या थंड पाण्याच्या माशासाठी हिमाचलची तिकिटं निघतात आणि एक जुना मेसेज परत फिरू लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: 'डोंगरातलं पाणी बर्फाचं, म्हणून उन्हाळ्यात ट्राउट दिवसभर लागतो, भर दुपारी तर हमखास. तळ्यात काठावरून फ्लाय टाका. पकडून सोडलेला मासा मरत नाही. साळावलीत पिल्लं सोडली तर हिमाचलला जायचीही गरज नाही.' (फ्लाय म्हणजे गरीला पिसं-दोरा बांधून केलेली खोटी माशी; साळावली हे आमचं गोव्यातलं धरण.)

पाणी बर्फाचं, कबूल. पण बर्फ वितळतो उन्हाने. ब्यासच्या खोऱ्यात वरचे उतार तापले की ओढे फुगतात आणि तो लोंढा खाली पोचेपर्यंत दुपार कलते. सकाळी ज्या दगडावर उभे होतो तो बुडालेला, पाणी राखाडी. ट्राउट नजरेवर शिकार करतो. गढुळात त्याला पिसं-दोऱ्याची माशी दिसणार कशी? गोव्यात झुआरी नदीवर भरती-सुकती न बघता गरी टाकणाऱ्याला आपण हसतो. हिमाचलच्या ओढ्यांतही रोज भरती येते, तिची वेळ ऊन ठरवतं.

वरचा बर्फ संपलेल्या खालच्या ओढ्यांत दुखणं वेगळं. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० च्या आसपास तो खाणं टाकतो, २५ ला जीवावर बेततं. समुद्रसपाटीला १० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९. उंचीवर त्याहून कमी. म्हणजे दुपारी मासा दमलेला असतो आणि आपण म्हणतो, आज नशीब नाही.

हिमाचलात तीर्थन नदीवर माझी अख्खी दुपार अशीच कोरडी गेली. शेवटी तिथल्या एका पोराने पाण्यातला दगड उलटा करून दाखवला. खाली वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्या नळ्या, आत अळ्या, ट्राउटचं खरं खाणं. मी मात्र भडक, तरंगणारी माशी नाचवत होतो. सूर्य डोंगराआड गेल्यावर मोठ्या धोंड्यामागच्या संथ पाण्यात बुडणारी, मळकट माशी टाकली, आणि दोरी ताणली गेली.

तळ्याचं लवकर आटोपतं. बर्फ फुटल्यावर काही दिवस मासे काठाशी असतात, हे खरं. वरचं पाणी तापलं की ते खोल उतरतात. मग काठावरून पहाटे, तिन्हीसांजेला, नाहीतर ओढा तळ्यात शिरतो त्या तोंडाशीच काही आशा.

सोडलेला मासा मरत नाही, ही थाप मला सगळ्यांत जास्त खटकते. कोमट पाण्यात दहा मिनिटं झुंजवलेला, कोरड्या हातांनी धरून अंगाचा बुळबुळीत थर पुसून काढलेला, फोटोसाठी मिनिटभर हवेत धरलेला ट्राउट पोहत जातो खरा. मरतो तो तुमच्या पाठीमागे. हात ओले करा, गरीच्या टोकाचा उलटा काटा आधीच चेपून ठेवा, मासा पाण्यातच सोडवा. पाणी तापलेलं असेल तर गरवूच नका.

राहिली साळावली. निलगिरीत आणि मुन्नारला ट्राउट आहे, मग इथे का नाही, असं विचारतात. तिथले ट्राउटचे ओढे दीड-दोन हजार मीटरवर आहेत. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, आपला सोसोगडच हजार मीटरच्या आसपास, आणि धरण त्याच्या कितीतरी खाली. 'तळाशी गार असेल' हेही चालत नाही. तळाचं पाणी गार व्हायला गारठ्याचा हिवाळा लागतो. आपल्या जानेवारीत रात्री वीसेक अंशांची हवा, धरण भरतं ते पावसाळ्याच्या कोमट पाण्याने. शिवाय उन्हाळ्यात वरचं तापलेलं पाणी खालच्यात मिसळत नाही, त्यामुळे तळाशी प्राणवायू आटतो. वर उकडून, खाली गुदमरून, पिल्लं मरणार. त्यापेक्षा मिरगाला चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे बघायला ओढ्यावर या. बघायलाच, पोटात गाबोळी असते त्यांच्या.

आणि मेसेजात नसलेली गोष्ट: हिमाचलात गरवायला मत्स्य खात्याचा परवाना लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या पाण्यात बंदी असते, विणीचा काळ म्हणून. नाताळच्या सुट्टीत रॉड घेऊन निघालेल्या दोघांना मी आत्ताच कळवलंय.