फक्त फाळका

गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाला जग पावलांवरून ओळखावं लागतं. निळ्या स्लिपर म्हणजे बायको. चकचकीत काळे बूट म्हणजे सासरे. ते गाडीपासून बरोबर दोन हात लांब थांबतात, कारण ग्रीस बुटांना शोधत येतं असा त्यांचा अनुभव आहे. तपकिरी सँडल म्हणजे शेजारचे काका. काकांचा अंगठा वर-खाली व्हायला लागला की समजायचं, सल्ला निघालाय. गेल्या पाच महिन्यांतले बहुतेक रविवार मी या तीन जोड्यांच्या सहवासात काढले, आणि त्याला कारण एक फाळका.

पिकप २२ वर्षांची आहे. घेतली तेव्हा तिच्यात एकच दोष असल्याचं मला सांगण्यात आलं होतं: मागचा फाळका लागत नाही. कडी खाचेत बसायचीच नाही. आधीच्या मालकानं त्यावर नायलॉनच्या दोरीचा उपाय केला होता, आणि गाडीतली सगळ्यात धडधाकट वस्तू ती दोरीच होती हे मला पुढे कळलं. "फक्त फाळका," मी बायकोला म्हणालो. खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून एक वही केली. पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्या: फाळका, टायर, ऑइल, किरकोळ. वहीत आता कोरं पान उरलेलं नाही. पहिल्या तीन ओळी जिथल्या तिथे आहेत. बाकीची सगळी वही म्हणजे 'किरकोळ'.

पहिला घाव काकांनी घातला. फ्रिजच्या दारावरचं एक चुंबक घेऊन ते आले आणि गाडीची नाडी बघितल्यासारखे तिच्याभोवती फिरले. उजव्या दाराला चुंबक टपकन चिकटलं. डाव्या मडगार्डला लावलं, तर घसरून खाली पडलं. हौद्याच्या डाव्या बाजूला लावलं, तिथूनही पडलं. "इथं लोखंड नाहीये," काका म्हणाले, "इथं नुसती लांबी भरलीय." विकणाऱ्यानं कागदावर गाडीची लांबी-रुंदी दिली होती खरी. पत्र्यातली भोकं बुजवायची लांबी त्यात धरलेली होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लांबी खरवडायची नसते. हे मी अनुभवानं सांगतो. तिच्यामागे काय आहे ते बघायची इच्छा होते, आणि मागे बहुतेक वेळा काहीच नसतं. मी सुपारीएवढं भोक बघायला गेलो आणि संध्याकाळी मडगार्डमधून टायर दिसत होता. गंजलेला भाग कापून काढणं, नवा पत्रा जोडणं, घासणं, प्रायमर, रंग यात सहा रविवार गेले. त्यांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की रंग चांगला लागला. फार चांगला लागला. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तरी फाळका, असं म्हणून मी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी फाळक्याला हातही लावला नाही. मागे जाऊन एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "फाळका सरळ आहे, साहेब. गाडी वाकडी आहे."

डावे पाटे बसले होते. पिकपच्या मागच्या चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी बहुधा पाटेच असतात: एकावर एक ठेवलेल्या, लहान होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्या, मधोमध आवळलेल्या. ही युक्ती घोडागाड्यांच्या काळातली. घोडे गेले, पाटे राहिले, कारण पाटे ओझं पेलतात, धुरा जागेवर धरतात आणि पट्ट्या एकमेकींवर घासून धक्केही थोडे जिरवतात. एवढी कामं करूनही कुरकुर फक्त वंगण संपल्यावर करतात. आमच्या घरात हे उदाहरण मी एकदाच दिलं.

पाटे काढायचे तर त्यांच्या कानातला बोल्ट काढायचा. फक्त एक बोल्ट. लोखंड गंजलं की आकारानं वाढतं, त्यामुळे जुना बोल्ट भोकात नुसता बसलेला नसतो, फुगून बसलेला असतो. मी आदल्या रात्री तेल सोडलं. सकाळी पुन्हा सोडलं. हातोडीनं टकटक केलं. पान्याला नळी लावून लांबी वाढवली (ही लांबी वेगळी) आणि दोन्ही पाय भिंतीला टेकवून ओढलं. बोल्ट फिरला! आनंदानं ओरडलोसुद्धा. मग लक्षात आलं की फिरलं ते फक्त डोकं. धड आतच होतं.

तुटलेला बोल्ट काढायला उलट्या आट्यांचं एक हत्यार मिळतं. बोल्टच्या मधोमध भोक पाडायचं, त्यात ते घालायचं आणि उलटं फिरवायचं. ते रुतत जातं आणि बोल्ट घेऊन बाहेर येतं. निदान चित्रात तरी येतं. माझं हत्यार आतच मोडलं. हे हत्यार कडक पोलादाचं असतं, साधा ड्रिल त्याला चावत नाही. म्हणजे आधी माझ्याकडे न निघणारा बोल्ट होता, आता न निघणाऱ्या बोल्टमध्ये न निघणारं हत्यार होतं. काळे बूट येऊन थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वरून आवाज आला, "जावईबापू, पगारी माणूस लावला असता तर काय खर्च आला असता?" मी खालून आकडा सांगितला. बूट निघून गेले. शेवटी मिस्त्रींनीच गॅसकटर आणून तो बोल्ट कापला. त्यांना चार मिनिटं लागली. मी वहीत 'किरकोळ'खाली लिहून टाकलं.

इथे खरं तर थांबायला हवं होतं. जुने पाटे ताणून घ्यायचे, पुन्हा बसवायचे, विषय संपला. पण पाटे उघडे पडलेले, चाकं निघालेली, आणि मी स्टुलावर बसून विचार करतोय, हीच ती घातक वेळ. एवढं उघडलंच आहे तर एक पट्टी वाढवून गाडी थोडी उंच का करू नये? आणि उंच करतोय तर टायर मोठे का नकोत? (टायर वहीत होतेच. ते मोठे असणार नाहीत असं कुठे लिहिलं होतं?)

बायकोला मी इतिहासातून पटवायला गेलो. म्हटलं, १९२५ साली फोर्डनं मॉडेल टी गाडीला मागे हौदा बसवून कारखान्यातूनच पिकप विकायला काढली. त्याआधी लोक साधी मोटार घेऊन तिच्यावर बाहेरून हौदा बसवून घ्यायचे. म्हणजे बघ, गाडीत फेरफार करणं हे पिकपपेक्षाही जुनं आहे.

"त्यांच्या गाड्या चालू होत्या," ती म्हणाली.

टायरच्या मापाइतकं गोंधळाचं माप दुसरं नसेल. २३५/७५ आर १५: यातले २३५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत तीन एककं, जणू तीन भावांनी वाटणी करून घेतलीय. मी २६५/७५ घेतले. हिशेब केला तर व्यास वाढतो सुमारे ४५ मिलिमीटर, म्हणजे गाडी त्याच्या निम्मी, साडेबावीस मिलिमीटर उचलली जाते. वाढलेल्या रुबाबाची उंची दोन बोटंसुद्धा नाही.

बाकी गोष्टी मात्र भरपूर वाढल्या. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, आणि काट्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो ताशी ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ६४ नं चाललेली असते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या पत्र्याला घासायला लागला. चढावर गाडी दम खायला लागली, कारण मोठं चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर काढावा लागतो. वाढवलेल्या पट्टीमुळे रिकामी गाडी अशी उडायची की काकांनी एकदा शेजारी बसून फेरी मारली आणि त्यानंतर चार दिवस त्यांचा अंगठा हलला नाही.

पण खरी गंमत केली ब्रेकनं. अनेक पिकपांमध्ये मागच्या धुऱ्याला जोडलेली एक दांडी असते आणि तिच्या टोकाला एक झडप. हौद्यात माल भरला की गाडी खाली बसते, दांडी हलते, झडपेला कळतं की माल आहे, आणि ती मागच्या ब्रेकला जास्त जोर देते. हौदा रिकामा असेल तर जोर कमी, नाहीतर मागची चाकं जागच्या जागी लॉक होऊन घसरतील. काय सुंदर युक्ती आहे! आणि मी काय केलं होतं? गाडी कायमची उंच केली होती. आता हौद्यात काहीही भरा, बिचाऱ्या झडपेला वाटणार, हौदा रिकामाच आहे. म्हणजे ओझं असताना मागचे ब्रेक निम्म्या मनानं लागणार. मिस्त्रींनी दांडीचं माप नव्या उंचीला जुळवून दिलं, पण ते करताना ब्रेकची नळी हातात आली. गंजलेलीच होती, म्हणे. आमच्याकडे सगळं गंजलेलंच असतं आणि ते हातात आल्यावरच कळतं.

मध्ये एक बॅटरीचंही प्रकरण झालं. दर आठवड्याला बॅटरी मेलेली. सगळी वायरिंग उसवली. आधीच्या मालकानं प्रत्येक जोडणी लाल वायरनंच केली होती, त्यामुळे चोर पकडणं सोपं नव्हतं. अखेर मीटर लावून एकेक फ्यूज काढला, तेव्हा चोर सापडला डॅशबोर्डच्या खणात. झाकण बंद केलं की विझायला हवा तो ५ वॅटचा दिवा विझतच नव्हता. ६० अँपिअर-तासांची नवी बॅटरीसुद्धा असा दिवा सहा-सात दिवसांत पिऊन टाकतो, माझी तर जुनी होती. दिवा काढून खिशात ठेवला.

याच सुमारास माझा बारा-तेराचा पाना हरवला. मी काकांवर संशय घेतला. उघड बोललो नाही, पण त्यांच्या सँडलकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

तर ब्रेक. नळी बदलली म्हणजे आत हवा शिरली, आणि हवा शिरली म्हणजे ती काढायला दोन माणसं लागतात: एक पेडलवर, एक खाली. मिस्त्री गावाला गेलेले. मी बायकोकडे बघितलं.

"काय करायचंय?"

"फक्त पेडल दाबायचंय."

"'फक्त' म्हणू नका," ती म्हणाली आणि जाऊन बसली.

रीत अशी. वरच्यानं पेडल दाबून धरायचं. खालच्यानं चाकाजवळचं निपल थोडं उघडायचं. बुडबुड्यांसकट ऑइल नळीतून बाटलीत येतं. निपल बंद करायचं. मगच वरच्यानं पेडल सोडायचं. आधी सोडलं तर काढलेली हवा परत आत. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. एकाला दुसरा दिसत नाही, सगळा कारभार ओरडून.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय."

"... सोड."

"सोडलं."

"मी 'सोड' म्हणालोच नव्हतो, मी नळीला म्हणालो!"

"मग नळीला 'अहो' म्हणा, म्हणजे फरक कळेल."

पहिल्या चाकाला पाऊण तास लागला. दुसऱ्याला आमचा ताल जमला. तिसऱ्यापर्यंत आम्ही 'दाब-धर-सोड' अशा लयीत आलो होतो की बाहेरून कुणी ऐकलं असतं तर व्यायामवर्ग चाललाय असं वाटलं असतं. आणि मग पेडल एकदम भुसकन खाली गेलं. बोनेटखालची ब्रेक ऑइलची टाकी रिकामी झाली होती. ती मधून मधून भरत राहायची असते. मी बुडबुडे मोजण्यात गुंग होतो. आता थेट वरूनच हवा शिरली होती. पहिल्या चाकापासून पुन्हा.

घाईत बाहेर येऊन टाकी भरायला गेलो आणि डबा कलंडला. नव्या मडगार्डवर. ब्रेक ऑइल रंग खातं हे मला माहीत होतं. ताबडतोब भरपूर पाण्यानं धुवायचं असतं हेही माहीत होतं. पाणी आणायला गेलो तर पाइप गुंडाळलेला. परत आलो तेव्हा सहा रविवारांचा रंग सुरकुतायला लागला होता, नको इतक्या गरम दुधावरच्या सायीसारखा.

बायको केबिनमधून खाली वाकून बघत होती. "मडगार्ड हलतंय का?"

"नाही."

"रंगाशिवाय चालतं का?"

"चालतं."

"मग टाकी भरा आणि खाली जा."

दुसऱ्या खेपेला चारही चाकं दीड तासात झाली. शेवटी तिनं पेडल दाबलं आणि वरून आवाज आला, "आता दगडासारखं लागतंय." पाच महिन्यांत त्या गाडीबद्दल कानावर आलेलं हे पहिलं चांगलं वाक्य. मी तसाच पडून राहिलो. निळ्या स्लिपर खाली उतरल्या आणि मागच्या बाजूला गेल्या. 'खट' असा आवाज झाला. ओळखीचा वाटला, गेले काही रविवार मागून असा आवाज यायचा, ती हौद्यात काहीतरी ठेवत असेल असं मी धरून चाललो होतो.

सरपटत बाहेर आलो. फाळका लागलेला होता. कडी खाचेत, दोरी गायब.

"हा कधी लागायला लागला?"

"गेल्या महिन्यात. दोन नट ढिले केले, खाच जरा आत सरकवली, परत आवळले. दहा मिनिटं लागली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोल्टमध्ये होतात."

तिनं जिन्याखालची पिशवी आणून दिली. आत नायलॉनची दोरी नीट गुंडाळून ठेवलेली, आणि तिच्याखाली बारा-तेराचा पाना. मी वही उघडली. पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीवर निळ्या शाईची रेघ मारलेली होती. ती मी मारलेली नव्हती.

तेवढ्यात तपकिरी सँडल आल्या. अंगठा हलत होता. "आता एवढं झालंच आहे," काका म्हणाले, "तर फक्त सायलेन्सर..."

मी त्यांना पाना दिला आणि गाडीखालची जागा दाखवली.