लाळेसाठी स्टेम सेल: त्या मेसेजमधलं खरं किती?

तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्यांच्या घरांत एक मेसेज फिरतोय: ‘डेन्मार्कमध्ये सिद्ध झालं! पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेलचं एक इंजेक्शन, लाळ पूर्ववत. पेशी स्वतःच्याच, म्हणून धोका शून्य. आता भारतातही मिळतं.’ स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा पेशी. रेडिएशनने लाळग्रंथी दुखावतात, लाळ आटते. ज्याला पाण्याशिवाय भाकरीचा घास उतरत नाही, तो हे वाचून पैशांची जुळवाजुळव करू लागतो. म्हणून हे उत्तर.

‘सिद्ध झालं’: कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलेट या रुग्णालयात चाचणी झाली, हे खरं. २०१८ साली तिचे निष्कर्ष आले. रुग्ण ३०, काहींच्या जबड्याखालच्या लाळग्रंथींत पेशी टोचल्या, बाकीच्यांना पेशी नसलेलं द्रावण. पेशीवाल्यांची लाळ चार महिन्यांत सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. मेसेज इथेच थांबतो. पुढे तिथल्याच संशोधकांनी १२० रुग्णांवर, दात्यांच्या पेशी वापरून चाचणी घेतली, आणि तिच्यात पेशी व द्रावण यांच्यात लाळेच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. स्वतःच्या पेशींचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. पण त्यांच्या बाजूचा पुरावा छोट्या चाचणीचाच आहे, आणि त्याला ‘सिद्ध’ म्हणणं ही रुग्णांची फसवणूक आहे.

‘पूर्ववत’: मिनिटाला ०.१ मिलिलिटर लाळ ५० टक्क्यांनी वाढली तरी ०.१५ होते. निरोगी माणसाची, काही न चघळता, साधारण ०.३ असते.

‘धोका शून्य’: चाचण्यांत गंभीर त्रास दिसला नाही, पण तिथे पेशी कडक देखरेखीखालच्या प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या. कुठल्याशा क्लिनिकमध्ये चरबी उपसून तासाभरात टोचतात, त्याला ती हमी लागू होत नाही. शिवाय हे कॅन्सरचे रुग्ण, टोचलेल्या पेशींनी कॅन्सरला पुन्हा चालना दिली तर?

‘भारतात मिळतं’: आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या मान्य कारणांपलीकडे स्टेम सेल फक्त चाचणीतच वापरता येतात. चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. कोणी इंजेक्शनचे पैसे मागितले, तर तिथून उठा.

तोवर पायलोकार्पीन या लाळ वाढवणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. काहींना त्याने फरक पडतो, दमा किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगा. लाळ नसली की दात झपाट्याने किडतात, म्हणून फ्लोराइड लावून घ्या. आणि रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका. तिथलं हाड कधीकधी भरून येत नाही, सडूही शकतं.