‘एकदा क्लेम घेतला की संपलं’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मोटारीच्या विम्याविषयीचा एक संदेश सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : अपघाताचा क्लेम एकदा घेतला की हप्ता कायमचा दुप्पट होतो, थर्ड पार्टीचा दरही चढतो आणि दुसरी कोणतीही कंपनी दारात उभे करत नाही, म्हणून क्लेम कधीच घेऊ नये. घेतलाच असेल, तर पुढच्या वर्षी नव्या कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘मागील वर्षी क्लेम नाही’ असे बिनधास्त लिहावे, किंवा सरळ नुसत्या थर्ड पार्टी विम्यावर यावे. यातला एक सल्ला निव्वळ नुकसानीचा आहे, एक अप्रामाणिक आणि धोक्याचा आहे, आणि उरलेल्यात थोडे तथ्य असले तरी ते चुकीच्या जागी लावलेले आहे.

‘दुप्पट’ हा शब्द कुठून आला, ते आधी पाहू. आपण भरतो त्या हप्त्याचे मुख्यतः दोन भाग असतात : स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा ओन डॅमेज आणि दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा थर्ड पार्टी. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सवलत, फक्त ओन डॅमेजवर मिळतो. क्लेम न घेता एक वर्ष गेले की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणात हा बोनस शून्यावर येतो. त्यामुळे ज्याची सवलत ५० टक्क्यांवर पोचली होती, त्याचा ओन डॅमेजचा आकडा समजा ५,००० वरून १०,००० रुपयांवर गेला, तर तो खरोखरच दुप्पट दिसतो. पण थर्ड पार्टीचा भाग जागचा हलत नाही. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी १ जून २०२२ पासून लागू झालेला दर ३,४१६ रुपये आहे. तो धरला तर करापूर्वीची बेरीज ८,४१६ वरून १३,४१६ होते, म्हणजे वाढ सुमारे ६० टक्के. ही वाढ कमी आहे असे मी म्हणणार नाही, पण ती दुप्पट नाही आणि कायमची तर मुळीच नाही, कारण बोनसची शिडी दुसऱ्याच वर्षी पुन्हा चढायला लागते.

हा हिशेब कागदावर मांडावा, कारण संदेश लिहिणाऱ्याने नेमके तेच केलेले नाही. मागच्या वर्षी साताऱ्याहून पुण्याला येताना शिरवळजवळ एका टेम्पोने माझ्या गाडीची डावी बाजू दोन दारांसह खरवडून काढली. गाडी चौथ्या वर्षात होती आणि बोनस ३५ टक्के होता. गॅरेजचे बिल ५२,००० झाले. त्यातून सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याने, पत्र्याच्या भागांवर २५ टक्के घसारा (जुनेपणापोटीची घट), रंगाच्या मालावर ५० टक्के घसारा आणि १,००० रुपयांची सक्तीची वजावट (क्लेममधली आपण स्वतः सोसायची रक्कम) कापली, आणि कंपनीने ४२,५०० रुपये दिले. आता दुसरी बाजू. क्लेम घेतला नसता तर पुढच्या वर्षी बोनस ४५ टक्के झाला असता आणि त्यापुढे ५०. घेतल्यामुळे तो शून्य, २०, २५, ३५, ४५ असा चढेल. ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,००० धरला तर पाच वर्षांतला फरक ४,५००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये, म्हणजे एकूण १२,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,१६० रुपये. गाडीचे विमामूल्य, म्हणजे विम्यासाठी धरलेली तिची किंमत, दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून थोडा कमीच भरेल. साडेबेचाळीस हजार सोडून चौदा हजार वाचवा, असे सांगणाऱ्याला हितचिंतक म्हणणे अवघड आहे.

हाच हिशेब उलटाही फिरतो. आमच्या इमारतीतल्या एका शेजाऱ्यांनी पार्किंगच्या खांबावर बंपर आपटला आणि गॅरेजने १०,००० रुपये सांगितले : बंपर ६,०००, रंग ४,०००. बंपर प्लास्टिकचा, म्हणजे निम्मे ३,००० गेले; रंगातून, फक्त मालाचा भाग धरून, ५०० आणि वजावटीचे १,००० गेले. हाती येणार ५,५००, आणि त्यांचाही बोनस माझ्याएवढाच. त्यांनी खिशातून खर्च केला ते योग्यच झाले. याउलट पहिल्याच वर्षातल्या नव्या गाडीला गमावण्यासारखा बोनस अजून साठलेलाच नसतो. वरच्याच आकड्यांनी तिचा पाच वर्षांतला तोटा करासह ५,९०० रुपये एवढाच येतो. शिवाय एका पॉलिसी वर्षात एक क्लेम होऊन गेला असेल, तर दुसऱ्याने बोनस आणखी बुडत नाही, कारण बुडायला काही उरलेलेच नसते. ‘कधीच घेऊ नये’ या तीन शब्दांत हे फरक मावत नाहीत.

थर्ड पार्टीच्या दराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामकाशी सल्लामसलत करून ठरवते. खासगी मोटारीसाठी तो इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो आणि तुमच्या क्लेमच्या इतिहासाशी त्याचा संबंध नाही. ‘कोणी दारात उभे करत नाही’ हे विधान मात्र ओन डॅमेजपुरते तपासण्यासारखे आहे. १ जानेवारी २००७ पासून हे दर खुले झाले आणि तेव्हापासून कंपन्या ते आपापल्या हिशेबाने लावतात. एखादी कंपनी क्लेम पाहून आपली जादा सवलत आखडती घेते, दुसरी तेवढी घेत नाही. म्हणजे इथे दार बंद नसते, प्रत्येक दाराशी भाव वेगळा असतो. म्हणूनच क्लेमनंतरच्या वर्षी आलेली नूतनीकरणाची नोटीस मुकाट्याने भरून टाकू नये.

आता संदेशातला सर्वांत घातक सल्ला, ‘क्लेम नाही’ असे लिहिण्याचा. कंपनी बदलली की बोनस सोबत नेता येतो हे खरे, पण त्याबरोबर क्लेमची नोंदही येते. बोनस मागताना आपण जे प्रतिज्ञापन देतो त्यात, माहिती खोटी आढळल्यास ओन डॅमेज विभागाखालील सर्व लाभ जप्त होतील, असे मान्य केलेले असते. ऑनलाइन फॉर्ममध्ये ते एका चौकटीवरच्या खुणेत उरकते, म्हणून कोणी वाचत नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करून घेऊ शकते. ती पॉलिसी देताना झाली नाही, तरी पुढचा मोठा क्लेम आला की फाइल उघडतेच. वाचवलेले चार-पाच हजार तेव्हा दोन लाखांच्या दुरुस्तीच्या आड येतात. हे ‘सगळेच करतात’ असे मला एका एजंटानेही सांगितले होते. फॉर्मवर सही मात्र त्याची नसते.

नुसत्या थर्ड पार्टीवर येण्याचा सल्ला दहा-बारा वर्षांच्या, बाजारात लाख-सव्वा लाखाला जाणाऱ्या गाडीला कदाचित लागू पडेल. कर्जावरच्या गाडीला बँक तसे सहसा करू देत नाही. आणि ओन डॅमेजमध्ये केवळ धडक नसते, चोरी आणि पूरही असतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्या कुणाला धडकल्या नव्हत्या.

मग क्लेमनंतर हप्ता आटोक्यात कसा ठेवायचा? ऐच्छिक वजावट घेता येते : २,५००, ५,०००, ७,५०० किंवा १५,००० रुपये. जो किरकोळ नुकसान तसेही खिशातून भरणार आहे, त्याने ती जरूर घ्यावी, मात्र मिळणारी सवलत आणि अंगावर येणारी रक्कम शेजारी-शेजारी लिहून. बोनस राखणारे ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचे पूरक संरक्षण, उपयोगाचे असते, पण ते अपघाताआधी घेतलेले असावे लागते. मुदत मात्र चुकवू नये; खंड पडला की गाडीची तपासणी मागे लागते, आणि खंड ९० दिवसांहून लांबला तर पुढे साठलेला बोनसही जातो.

दर तुलना करताना एक आकडा नजरेआड होतो. माझ्या नूतनीकरणाच्या वेळी दोन कंपन्यांच्या दरपत्रकांत २,३०० रुपयांचा फरक होता आणि मी स्वस्त पर्यायाचे पैसे भरण्याच्या बेतात होतो. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर दिसले की स्वस्त पत्रकात गाडीचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, ६०,००० रुपयांनी कमी धरले होते आणि शून्य घसाऱ्याचे, म्हणजे क्लेममधून घसारा कापू न देणारे, ॲड-ऑनही गाळले होते. दोन्ही गोष्टी सारख्या करून पुन्हा दर मागवला, तेव्हा फरक ४०० रुपयांवर आला.