'द डे ऑफ द लोकस्ट': पुस्तकाची वाट लावली म्हणे!

नॅथनेल वेस्टची १९३९ची कादंबरी धारदार आणि आटोपशीर. जॉन श्लेसिंजरचा १९७५चा सिनेमा भडक, लांबलचक, मुळाला सोडून गेलेला, आणि म्हणूनच लोक त्याला विसरले. मंदीच्या काळातल्या हॉलिवूडवरच्या या सिनेमाबद्दल हे मत इतक्यांदा ऐकू येतं की सिनेमा न पाहिलेलेही ते ठामपणे सांगतात.

मुळाला सोडून? वॉल्डो सॉल्टच्या पटकथेत कोंबड्यांची झुंज आहे, दारोदार पॉलिश विकत फिरणारा जुना विनोदी नट हॅरी आहे, वॉटर्लूच्या लढाईचा अर्धवट सेट माणसांसकट कोसळतो, तेही आहे. आणखी किती चिकटून राहायचं?

भडकपणाचा आरोप मुख्यतः शेवटच्या दंगलीवर आहे. प्रीमियरला जमलेला जमाव होमर सिम्प्सनवर तुटून पडतो. (कार्टूनमधला नव्हे, हा आयोवाहून आलेला, हॉटेलात हिशेब लिहिणारा भिडस्त गृहस्थ. डोनाल्ड सदरलंडनं तो अंगावर काटा येईल असा केलाय.) त्याआधी पुस्तकात होमर त्याला डिवचणाऱ्या अडोर नावाच्या पोरावर हल्ला करतो, सिनेमात त्याला तुडवून मारतो, एवढी वाढ खरी. पण वेस्टचा जमाव तरी कुठे शांत आहे? जन्मभर खर्डेघाशी करून, पै-पै साठवून ही माणसं ऊन आणि संत्र्यांसाठी कॅलिफोर्नियात आली; आता कंटाळलीत, फसवलं गेल्याच्या रागानं पेटलीत. त्या चेंगराचेंगरीत टॉडच्या, म्हणजे स्टुडिओत काम करणाऱ्या चित्रकार नायकाच्या, डोक्यात त्याचं 'लॉस एंजेलिसचं दहन' हे चित्र चालू असतं, हे वेस्टनंच लिहिलंय. श्लेसिंजरनं चित्रातले चेहरे थेट गर्दीत आणून सोडले. हा प्रसंग संयमानं घेतला असता तर पुस्तकाशी दगाबाजी झाली असती.

हॅरीची मुलगी, नटी व्हायची स्वप्नं पाहणारी फे झालेली कॅरन ब्लॅक वयानं मोठी दिसते, हे खरं. पुस्तकातली फे सतरा वर्षांची आहे आणि ब्लॅक तेव्हा पस्तिशीची. मला मात्र त्यामुळे तिची स्वप्नं जास्त केविलवाणी वाटतात. लांबीही मान्य: मधला चर्चचा तमाशा निम्म्यात उरकला असता.

राहिलं 'विसरले म्हणजे वाईटच असणार'. हाच नियम लावायचा तर कादंबरीही बाद. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत, आणि १९४०च्या डिसेंबरात वेस्ट मोटार अपघातात गेला. सिनेमाला निदान ऑस्करची दोन नामांकनं मिळाली: हॅरी झालेल्या बर्जेस मेरेडिथला आणि कॅमेरामन कॉनरॅड हॉलला.