माकडताप माकडाला हात लावून होत नाही

सिंधुदुर्ग आणि गोव्यातील सत्तरी भागात माकडतापाविषयी एक संदेश फिरत असतो. माकडाच्या चाव्याने व उष्ट्या फळांतून हा ताप येतो, तो माणसापासून माणसाला लागतो, त्यावर औषध नसल्याने दवाखान्यात जाणे व्यर्थ आहे, आणि माकडे मारली की तो संपेल, असे त्यात म्हटलेले असते.

यातले पहिलेच विधान चुकीचे आहे. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत ताप पसरला, तेव्हा पीतज्वर (यलो फीव्हर) भारतात आला की काय, अशी भीती तज्ज्ञांनाही वाटली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला, तेव्हा हा वेगळाच विषाणू निघाला आणि त्याचा वाहक ठरली जंगलातली गोचीड. पावसाळा सरल्यावर अंड्यांतून निघालेली तिची पिल्ले वाढत जातात आणि साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत पालापाचोळ्यात दबा धरून असतात. नेमक्या याच दिवसांत आपली माणसे काजू वेचायला, लाकूडफाटा आणायला आणि गोठ्यासाठी पातेरा गोळा करायला रानात जातात. आकाराने अगदी लहान असल्यामुळे गोचिडीची ही पिल्ले अंगावर चढलेली कळतही नाहीत.

माकडे मारण्याचा सल्ला तर घातक आहे. माकडाच्या शरीरात विषाणू झपाट्याने वाढतो व त्याचे रक्त पिणाऱ्या गोचिडी बाधित होतात, हे खरे आहे. परंतु लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाचे वानर स्वतःच या रोगाने मरतात, आणि मेलेल्या माकडाचे अंग थंड पडू लागले की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरून आसपासच्या जमिनीवर पसरतात, त्यामुळे मारलेले माकड जिथे पडेल तिथे धोका वाढतोच. शिवाय हा विषाणू रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांमध्येही सापडलेला असल्याने, माकडे संपवून तो संपणार नाही. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे, म्हणजे त्या जागेभोवती कीटकनाशक भुकटी टाकता येते.

माणसापासून माणसाला हा ताप लागल्याची नोंद नाही. एका घरातले दोघे आजारी पडतात, ते बहुधा दोघेही एकाच रानात गेलेले असतात म्हणून. रुग्णाला वेगळे टाकून त्याची सेवा नाकारणे अन्यायाचे आहे.

विषाणूवर नेमके औषध नाही, हे खरे; पण शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावणाऱ्या या आजारात शरीरातले पाणी टिकवणे आणि रक्तस्रावावर वेळीच लक्ष ठेवणे यांनी जीव वाचतो, आणि काही रुग्णांत बरे वाटल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी ताप पुन्हा येऊन मेंदूची लक्षणे दिसतात, तेव्हा घरी बसून राहणे जिवावर बेतू शकते. रानातून येऊन तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून ताप, डोकेदुखी व कमरेत कळा सुरू झाल्यास, आपण रानात गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.